इंजिनाच्या डब्यात मी काय ओतलं

माझ्या नातीला वाटतं, आजी पूर्वी ट्रक चालवायची. हे मीच तिला सांगितलं आहे. चंद्रपूर ते सिरोंचा, एका हातात स्टेअरिंग आणि दुसऱ्या हातात सोललेलं संत्रं, असं बरंच काही. ती शाळेत सांगून आली, तिच्या बाईंनी मला मुद्दाम बोलावून विचारलं, तेव्हाही मी नाही म्हटलं नाही. या वयात फुकट मिळालेली इज्जत कोण परत करतं?

पण छापून येणाऱ्या कागदावर खोटं लिहायला मन धजत नाही. मी ट्रक हातभरसुद्धा चालवलेला नाही. मी ट्रकच्या इंजिनात बसवलेल्या कॉम्प्युटरला नवा प्रोग्रॅम भरून द्यायचे. हे खरं सांगितलं की लोक "हो का" म्हणतात आणि पावसापाण्याचं विचारतात. म्हणून संत्र्याची गोष्ट बरी पडते.

चंद्रपुरात बल्लारपूर रस्त्याला ट्रक विकणारी आणि दुरुस्त करणारी एक एजन्सी होती. तिथे मी जॉबकार्ड लिहायला लागले. जॉबकार्ड म्हणजे गाडीचा केसपेपर. काय दुखतं, कधीपासून, काय औषध दिलं. आम्ही राहायचो ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये. आमचे हे पॉवर हाउसमध्ये शिफ्टला, आणि मी स्कूटीवर, इस्त्रीची सुती साडी नेसून, वर्कशॉपला. जमिनीवर सगळीकडे ऑइल. साडीला डाग लागू नये म्हणून मी कोरड्या जागा हेरत उड्या मारत टेबलापर्यंत जायचे. मिस्त्री लोक एकमेकांना सांगायचे, "आली रे बाई, लंगडी खेळत." मला वाटायचं, हे माझ्या टापटिपीचं कौतुक आहे.

नवं शतक लागून पाच-सात वर्षं झाली असतील, तेव्हा इंजिनात डबा आला.

जुन्या इंजिनात डिझेल किती जायचं ते पंप ठरवायचा. काही बिघडलं की आमचे हेडमिस्त्री नत्थूभाऊ एक लांब पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, घ्यायचे, टोक इंजिनाला, मूठ कानाला, आणि डोळे मिटायचे. मिनिटभराने म्हणायचे, "तिसऱ्या सिलिंडरची नोझल गेली." आणि तिसऱ्याचीच गेलेली असायची. नव्या इंजिनात ते काम ॲल्युमिनियमच्या एका चपट्या डब्याकडे आलं. जेवणाच्या डब्याएवढा डबा, त्यातून निघालेल्या वायरींचा जुडगा, आत कॉम्प्युटर. ड्रायव्हरने ॲक्सिलरेटर दाबला की ती खबर आधी डब्याला जायची, आणि डबा विचार करून ठरवायचा की डिझेल किती सोडायचं. पूर्वी ड्रायव्हरचा पाय हुकूम द्यायचा, आता तो अर्ज करू लागला.

ट्रक बनवणाऱ्या कंपनीने लॅपटॉप पाठवला. नत्थूभाऊंनी तो दुरूनच पाहिला आणि म्हणाले, "बाई, पेचकसानं ऐकू येत नाई याच्यातलं काही. तुमी टायपिंग शिकल्या ना? मंग हे तुमचंच."

अशी मी चार दिवसांच्या ट्रेनिंगला पुण्याला गेले. वीस पुरुष आणि मी. पहिल्या दिवशी शिकवणाऱ्या साहेबांनी मला चहाची किटली कुठे आहे ते दाखवलं. मी त्यांना सांगितलं, माझ्यात दोन चमचे साखर. चौथ्या दिवशी सर्टिफिकेट घेऊन निघाले ती चंद्रपूर स्टेशनवर सर्जन होऊनच उतरले.

काम तसं सोपं होतं. स्टेअरिंगच्या खाली एक सॉकेट असतं, त्यात लॅपटॉपची केबल लावायची. कंपनीकडून सीडी यायची. डब्यातला जुना प्रोग्रॅम पुसायचा, सीडीवरचा नवा भरायचा. मिस्त्री लोकांचा शब्द होता ओतणं. "बाई, आज किती गाड्यांत ओतलं?" वीस-पंचवीस मिनिटं लागायची. तेवढा वेळ गाडीची चावी चालू हवी आणि बॅटरी भक्कम हवी. मध्येच वीज तुटली तर डबा जुना राहत नाही आणि नवाही होत नाही. मग ती गाडी म्हणजे दहा चाकांचा दगड.

आणि आमच्याकडच्या ड्रायव्हरांचा तर नियमच, की खाली उतरलं की चावी खिशात. चावी म्हणजे सीट, सीट म्हणजे घरातली चूल. चावी गाडीत ठेवून हिंडणारा ड्रायव्हर म्हणजे दार सताड उघडं टाकून जत्रेला जाणारा माणूस. मूल गावच्या एका वयस्कर ड्रायव्हरने, मी ओतत असताना पंधराव्या मिनिटाला, चहाला जाता जाता खिडकीतून हात घातला आणि सवयीने चावी काढली. लॅपटॉप किंचाळला, मी त्याच्याहून जोरात किंचाळले.

"चावी काऊन काढली?"

"मंग काय तुमच्या भरोशावर सोडू?"

नवा डबा येईपर्यंत नऊ दिवस ती गाडी फाटकाशी उभी होती. मी एक पुठ्ठा घेतला, त्यावर 'चावीला हात लावू नये' असं लाल अक्षरात लिहिलं आणि पुढे प्रत्येक गाडीच्या खिडकीला टांगू लागले. आपण गाडीत काय करतोय हे ड्रायव्हरला दोन वाक्यांत सांगावं, हे काही मला सुचलं नाही. सर्जन काय आतडी दाखवत बसतो?

एका उन्हाळ्यात कंपनीची एक सीडी आली. एका मॉडेलच्या सगळ्या गाड्यांना ती देणं सक्तीचं होतं. सोबत एक इंग्रजी कागद होता, नव्या प्रोग्रॅममध्ये काय बदललं याच्या पाच ओळी. मी त्या वाचल्या. चौथी ओळ ब्रेक आणि ॲक्सिलरेटरबद्दल होती. ती वाचून मनात म्हटलं, असेल काहीतरी, आणि कागद फायलीला लावला. पावसाळा संपेपर्यंत मी तीसेक गाड्यांत ते ओतलं.

पाऊस ओसरला आणि पोचन्ना आले.

पोचन्ना सिरोंच्याकडचे. घरात तेलुगू, रस्त्यावर आपली मराठी. गोपालशेठ नावाच्या ट्रान्सपोर्टवाल्याची दहा चाकी गाडी ते चालवायचे. पावसाळ्यात तुटलेल्या गावांना तांदूळ आणि मीठ पोचवायचं काम शेठकडे होतं, आलापल्लीच्या पुढे भामरागडपर्यंत. त्या रस्त्यावर तेव्हा पूल थोडे आणि रपटे जास्त. रपटा म्हणजे नाल्याच्या तळाशी टाकलेला सिमेंटचा पट्टा. त्याच्यावरून पाणीही जातं आणि गाडीही.

"अम्मा," पोचन्ना म्हणाले, "नाल्यातून वर निघते तवा गाडी जीव सोडते. मांगचे चाक पान्यात, पुढचे वर, अन् इंजिन एकदम बसते. दोनदा मांगं सरकली."

मी केबल लावली. डबा स्वतःचा बिघाड स्वतःच लिहून ठेवतो, ते वाचून आम्ही रोग सांगायचो. डब्यात काहीच लिहिलेलं नव्हतं. नत्थूभाऊंनी गाडी बल्लारपूरपर्यंत नेऊन आणली. घोड्यासारखी पळाली.

आठवड्याने पोचन्ना परत आले. तीच तक्रार. डबा कोरा, गाडी घोड्यासारखी.

तिसऱ्यांदा आले तेव्हा दुपारच्या चहाची वेळ होती. अंगणात आठ-दहा ड्रायव्हर, सगळे मिस्त्री आणि स्वतः गोपालशेठ. तांदूळ दोनदा उशिरा पोचला म्हणून शेठ तापलेले. मी सगळ्यांसमोर केबल लावली, पडदा सगळ्यांकडे फिरवला, आणि वकिलासारखी बोलले, "बघा. काही नाही. कॉम्प्युटर खोटं बोलत नाही." तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण माणसं बघत होती, आणि मला हशा हवा होता. "पोचन्नाभाऊ, नाल्याच्या आधी किती घेतली होती?"

हशा मिळाला. पोचन्नांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, घडी घातली, परत खांद्यावर ठेवला.

मी जॉबकार्डवर लिहिलं, 'गाडीत दोष नाही. चालकाची सवय तपासावी.' खाली झोकात सही. शेठनी कार्ड वाचलं, आणि तिथेच हात पुढे केला. पोचन्नांनी खिशातून चावी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली.

शेठनी वरोऱ्याचा एक नवा ड्रायव्हर गाडीवर बसवला. त्याने दोन फेऱ्या मारल्या, गाडी एकदाही मेली नाही. हे कळलं त्या संध्याकाळी मी घरी विजयाचा शिरा केला. ह्यांना सगळं रंगवून सांगितलं. हे शिरा खाता खाता म्हणाले, "आमच्याकडे मीटर शून्य दाखवायला लागलं की आम्ही आधी मीटरकडे बघतो." मी म्हटलं, तुमच्या पॉवर हाउसमधलं मला सांगू नका.

पोचन्ना मात्र गेले नाहीत. रोज सकाळी यायचे आणि फाटकासमोरच्या चहाटपरीच्या बाकावर बसायचे. नंतर कळलं की ते आणखी दोन मालकांकडे जाऊन आले होते. दोघांनी एकच विचारलं, गोपालशेठनं काऊन काढलं? माझं वाक्य माझ्या आधी सगळीकडे पोचलं होतं, आणि प्रत्येक मुक्कामाला त्याचा अर्थ थोडा वाढला होता. सवय म्हणजे दारू. दारू म्हणजे रोजची. पंचवीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला चंद्रपुरात कोणी चावी द्यायला तयार नव्हतं.

पाचव्या की सहाव्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले.

"अम्मा, एकडाव चाला."

"कुठे?"

"नाल्यावर. तुमचा कॉम्प्युटर घेऊन चाला. मी खोटा निंगलो तं या फाटकात पाय नाई ठेवत."

"मी? भामरागडच्या जंगलात? ट्रकमध्ये बसून?" मी माझ्या साडीकडे पाहिलं, जणू तिला विचारत होते.

ते गेले. नत्थूभाऊ शेजारी नोझल पुसत उभे होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, इंजिनचं मी ऐकतो. डब्याचं तुमी ऐकता. डायवरचं कोन ऐकून राह्यलं इथी?"

मला राग आला. पण खरं सांगायचं तर तो राग दोन दिवस आधीच आला होता. नव्या ड्रायव्हरच्या फेऱ्यांची बातमी आल्यापासून एक प्रश्न मला चावत होता. पोचन्ना खोटं बोलत असतील तर त्यात त्यांचा फायदा काय? दारुडा माणूस गाडी वर्कशॉपला आणून तीन-तीनदा तपासा म्हणत नाही.

मी शेठकडे एका फेरीपुरती गाडी मागितली. ते म्हणाले, "न्या. तांदूळ भरलाच हाये. पन नाल्यात काही झालं तं एजन्सी जिम्मेदार." आणि चावी पोचन्नांच्या हातात न देता नत्थूभाऊंना दिली.

पहाटे निघालो, स्टेअरिंगवर पोचन्ना, शेजारी नत्थूभाऊ आणि मी. ट्रकच्या केबिनला चढायला तीन पायऱ्या असतात, आणि त्या बनवणाऱ्याने साडी कधी पाहिलेली नसते. मी सीटवर अंथरायला वर्तमानपत्र नेलं होतं. ते आष्टीच्या पुलाच्या आधीच खिडकीतून उडालं. गिअर बदलताना पोचन्नांचा हात कसा सावकाश जायचा, ते मी पहिल्यांदा बघत होते. इतकी वर्षं ट्रकांचं काम करून ट्रक चालवणारा माणूस मी कधी चालवताना पाहिला नव्हता. मी पाहायचे ते खाली उतरलेले, चहा पिणारे, माझ्या पुठ्ठ्याला हात न लावणारे ड्रायव्हर.

आलापल्लीला चहा घेतला. पुढे सागाचं जंगल सुरू झालं, आणि ऊन वर येईपर्यंत आम्ही दोन नाले पार केले. दोन्ही कोरडे. तिसऱ्यात पाणी होतं, गुडघ्याला थोडं कमी. मी लॅपटॉप मांडीवर उघडला. पडद्यावर चालू आकडे दिसतात, ते लावले. उजवा पाय किती दाबलाय, इंजिनाचे फेरे किती, डिझेल किती जातंय. आणि कोपऱ्यात एक बारीकसा दिवा, ब्रेक दाबला की पेटणारा.

"जाऊ?" पोचन्नांनी विचारलं.

"जा. रोज जाता तसेच जा."

गाडी पाण्यात उतरली. आकडे शांत होते. उजवा पाय एका जागी स्थिर, इंजिन एका सुरात. पुढची चाकं पाण्याबाहेर चढाला लागली, आणि कोपऱ्यातला दिवा पेटला. त्याच क्षणी डिझेलचा आकडा खाली कोसळला. पाय सत्तर सांगत होता आणि डिझेल जवळजवळ शून्य. इंजिनाने आचका दिला. दहा टन तांदळाने आम्हाला मागे ओढायला सुरुवात केली. पोचन्नांनी ब्रेक पूर्ण दाबला, पण ओले ब्रेक लगेच धरत नाहीत. गाडी मागे सरकली, हातभर, मग आणखी हातभर. नत्थूभाऊ लाकडाचा ठोकळा घेऊन खाली उडी मारून चाकाशी गेले. मी लॅपटॉपला तान्ह्या बाळासारखं छातीशी धरून, आईपासून तथागतांपर्यंत सगळ्यांना एका दमात हाक मारली.

गाडी थांबली. पाण्याचा आवाज तेवढा येत होता.

घाबरले की माझी पुण्याहून आणलेली भाषा गळून पडते. "पोचन्नाभाऊ, चढताना तुमी ब्रेक काऊन दाबला?"

"वाळवतो ना अम्मा."

"काय वाळवता?"

त्यांनी खिडकीतून नत्थूभाऊंकडे पाहिलं. धुतलेलं कापड का पिळता असं एखादीने विचारावं, तसा त्यांचा चेहरा झाला होता. मग त्यांनी मला, लहान मुलीला सांगावं तसं सांगितलं. पाण्यातून गाडी गेली की ब्रेकच्या आतले पट्टे भिजतात. भिजलेला ब्रेक लागत नाही. पुढे वळणावर गुरं आली, सायकल आली तर गाडी थांबणार कशी? म्हणून बाहेर निघता निघता डाव्या पायाने ब्रेक हलका दाबून धरायचा आणि उजव्या पायाने रेस देत राहायची. पट्टे घासतात, तापतात, पाणी उडून जातं. नाल्यापासून वर येईपर्यंत ब्रेक तयार.

"हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"ज्यानं गाडी शिकवली त्यानं. इकडचे सगळेच करतेत."

नत्थूभाऊंनी ओल्या हाताने कपाळावर मारून घेतलं. "अगं माय! खरं हाये. अन् मी वर्कशॉपात कायले करन? वर्कशॉपात कुठी हाये पानी?"

मी पिशवीतून फाइल काढली आणि तो पाच ओळींचा कागद शोधला. चौथी ओळ सरळ होती. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकाच वेळी दाबले गेले, तर ब्रेक खरा मानावा आणि डिझेल तोडावं. यात वाईट काही नाही. कोणाचा ॲक्सिलरेटर अडकला तर गाडी थांबावी म्हणून कंपनीने केलेली सोय. ती करणाऱ्या इंजिनिअरने मनाशी म्हटलं असेल, दोन्ही पाय एकदम कोण दाबेल? वाचताना मीही तेच म्हटलं होतं. आणि मी स्वतः रोज रेल्वे पुलाच्या चढावर स्कूटीचा ब्रेक धरून रेस देत उभी राहायचे.

डबा कोरा का होता, तेही तिथेच कळलं. डब्याच्या मते बिघाड झालेलाच नव्हता. त्याने आपलं काम चोख केलं होतं, मग लिहून काय ठेवणार? आणि वरोऱ्याच्या ड्रायव्हरची गाडी मरत नव्हती, कारण त्या बिचाऱ्याला ब्रेक वाळवायचे असतात हे माहीतच नव्हतं. तो ओल्या ब्रेकने, देवाच्या भरवशावर, पुढच्या गावात शिरत होता. ज्याला काम येत होतं त्याची मी सीट घालवली होती, आणि ज्याला येत नव्हतं त्याच्या नावाने शिरा केला होता.

गाडी पुढे नेली. पोचन्नांनी आता एकच पाय दाबला, पाण्यापासून बरंच वर आले, थांबले, आणि सपाट जागी पहिल्या गिअरात, उजवा पाय उचलून, पाऊणशे पावलं ब्रेक घासत घासत चालवली. एका फेरीत त्यांनी उपाय शोधला. मी तीन आठवडे दोषही शोधू शकले नव्हते.

परतल्यावर मॅनेजरना सांगितलं. ते म्हणाले, "शेठना फोनवर सांगून टाका. कागद नको, एजन्सीचं नाव जातं." आणि मी, कबूल करते, अर्धा दिवस त्याला तयार होते. मग रात्रभर झोप लागली नाही असं लिहिलं तर चांगलं दिसेल, पण झोप छान लागली. सकाळी टपरीच्या बाकावर पोचन्ना दिसले, तेव्हा लाज वाटली. मी नवं जॉबकार्ड घेतलं. जॉबकार्डात गाडीच्या चुकीला रकाना असतो, वर्कशॉपच्या चुकीला नसतो. मी समासात लिहिलं, 'आधीची नोंद चुकीची. चालकाचे म्हणणे खरे.' सही केली, शिक्का मारला, आणि दानशूरासारखी बाकाशी जाऊन ते त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी कार्ड उलटसुलट पाहिलं. ते तेलुगू वाचायचे, मराठी नाही. मी वाचून दाखवलं. त्यांनी ऐकलं आणि कार्ड मला परत दिलं.

"अम्मा, हे कपाटात जाईल. दारूचं तुमी कागदावर नाई बोलल्या. चार मानसांत बोलल्या. चार मानसांत घेतलेलं चार मानसांतच वापस द्या लागते. आमच्या गावात असंच हाये."

दुपारच्या चहाला मी अंगणात उभी राहिले. तेच ड्रायव्हर, तेच मिस्त्री. शेठना नत्थूभाऊंनी बोलावून आणलं होतं. मी सुरू केलं, "सदर वाहनाच्या तक्रारीसंदर्भात..."

"बाई," नत्थूभाऊ म्हणाले, "समजन असं बोला."

मग बोलले. "पोचन्नाभाऊ खरं सांगत होते. गाडी मरत होती. मी जे ओतलं त्याच्यानं मरत होती. ते इकडचे सगळे वाळवतेत तसे ब्रेक वाळवत होते, अन् मले ते माहीतच नव्हतं. मी कार्डावर लिवलं ते चूक होतं."

"अन् दारूचं?" मागून कोणीतरी ओरडलं.

"दारूचं मी उगाच बोलले. मले गाडीचा रोग सापडत नव्हता, म्हनून मी मानसाले लावला."

कोणी हसलं नाही. मला वाटलं, आता निदान कोणी म्हणेल, बाई मोठ्या मनाच्या. मागून आवाज आला, "चाय थंडी होऊन राह्यली." सगळे किटलीकडे वळले. शेठनी चावी काढून पोचन्नांपुढे धरली. पोचन्नांनी घेण्याआधी टॉवेलला हात पुसले.

मी हे सगळं कंपनीला कळवलं. उत्तर आलं, की चालकांना योग्य प्रशिक्षण द्यावं. मी पडद्यावरचे आकडे जोडून परत लिहिलं, मग आणखी एकदा. पुढच्या उन्हाळ्यात नवी सीडी आली. आता दोन्ही पाय दाबल्यावर डिझेल तुटायचं ते गाडी चांगल्या वेगात असली तरच. नाल्यातल्या वेगाला डबा गप्प बसायचा. सोबतच्या कागदावर आमचं कोणाचं नाव नव्हतं. पहिली गाडी मी पोचन्नांची घेतली. ते केबिनमध्येच बसून राहिले, चावीवर हात ठेवून. मी पुठ्ठा टांगला नाही. काय ओततेय ते सांगितलं, आणि विचारलं, चिखलात तुमचे पाय काय करतात? घाटात? बैलबंडी आडवी आली तर? पुढे रिटायर होईपर्यंत ओतायच्या आधी हे मी प्रत्येकाला विचारत आले. बऱ्याच ड्रायव्हरांना वाटायचं, बाईचं डोकं फिरलं. पायांची चौकशी करते.

पण एक राहिलं आहे, आणि त्याच्यासाठीच मी हे लिहायला बसले.

नवी सीडी आल्यावर कोणकोणत्या गाड्यांत ओतायचं ते बघायला मी त्या पावसाळ्यातली जॉबकार्डं काढली. पोचन्नांच्या आधीची आणखी दोन कार्डं निघाली. दोन्हींवर नाल्यातून निघताना बंद पडते ही तक्रार. दोन्हींवर माझ्या वळणदार अक्षरात 'दोष नाही. चालकाची सवय तपासावी.' मला ती माणसं आठवतसुद्धा नव्हती. वाक्य मात्र मी तेव्हापासूनच वापरत होते.

एक राजुऱ्याचे निघाले. त्यांची सीट गेली नव्हती, फक्त बोलणी खाल्ली होती. मी त्यांच्या गाडीअड्ड्यावर जाऊन चार माणसांत बोलून आले. त्यांनी "जाऊ द्या ना बाई" म्हटलं आणि मला उसाचा रस पाजला.

दुसरे एटापल्लीचे. कार्डावर नुसतं दिवाकर लिहिलेलं. त्यांचा मालक म्हणाला, "तुमचा कागद आला अन् मी त्याले उतरवला, मंग तो काही दिसला नाई." कोणी सांगितलं गोदावरीपलीकडे गेले, कोणी सांगितलं गाडीच सोडली, शेतावर असतात. तिकडे जाणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरबरोबर मी निरोप धाडला, अगदी हेमलकशापर्यंत. निरोप परत आला नाही. त्यांच्या गावात जाऊन उभं राहायचं म्हटलं, तर त्यांचं गाव कोणतं हेही मी कार्डावर लिहून घेतलं नव्हतं. तो रकाना मी कधी भरायचेच नाही.

दिवाकरभाऊ, तुमची गाडी नाल्यातून निघताना खरंच मरत होती. मी ओतलं त्याच्याने मरत होती. तुमच्या सवयीत काही खोट नव्हती, ती बरोबरच होती. हा अंक तुमच्यापर्यंत येईल की नाही मला माहीत नाही. पण इतकी माणसं आत्ता हे वाचत आहेत, आणि मी त्यांच्यासमोर हे बोलले आहे.